मोरीपासून सुरुवात

मोघेकाका उभे आहेत की बसले आहेत, एवढं पाहिलं की गाइड पास झाला की नापास ते आम्हाला कळायचं. त्यांच्या काखोटीला कायम एक घडीचं स्टूल असायचं. नदीकाठी गळ टाकून बसणारे लोक वापरतात तसलं, हिरव्या कापडाचं. गाइडने बोलायला सुरुवात केली की काका स्टूल न उघडता ऐकत राहायचे. बोलणं पटलं तर स्टूल उघडायचं, त्यावर बसायचं, आणि मग शेवटपर्यंत कोणाच्या बापाने सांगितलं तरी उठायचं नाही. पटलं नाही तर स्टूल काखेतच राहायचं आणि थोड्या वेळाने काका हळूच म्हणायचे, "चला, कॉफी घेऊ." ही कॉफी म्हणजे पैसे भरलेली टूर अर्ध्यात सोडणं, हे आमच्या ग्रुपमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या कारखान्याला गाड्यांचे सुटे भाग पुरवणारी जी कंपनी आहे, तिथे काका क्वालिटीत होते आणि मी सॉफ्टवेअरमध्ये. मी पुण्याहून आले तेव्हा त्यांचे केस पांढरे होऊन गेले होते आणि त्यांचं जर्मन आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं. उच्चार मात्र अस्सल चिंचवडचे. जन्मभर माल तपासण्यात गेल्यामुळे की काय, त्यांना कशावरही पटकन विश्वास टाकता येत नसे. हॉटेलात मेन्यू वाचायच्या आधी ते टेबल हलवून बघायचे. कोणी नवीन भाडेकरार केला की आधी नळ सोडून बघितला का, असं विचारायचे. आणि एखादी गोष्ट खरोखर मनासारखी निघाली की "गेनाऊ" म्हणायचे, म्हणजे अगदी बरोबर. हा शब्द इथे सगळेच उठताबसता वापरतात, पण काकांचा गेनाऊ दुर्मिळ होता. मला तो कामाच्या बाबतीत दोनदा मिळाला आहे आणि मी तो अजून मिरवते.

या माणसाला नाद एकच, रोमन अवशेषांचा. आमच्या भागात ते पावलोपावली आहेत. कुठे शेतात कोटाचा पाया, कुठे शाळेच्या तळघरात हमामखान्याची भिंत. काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं म्हणणं असं की पडक्या भिंतीच बघायच्या होत्या तर विमानाचं तिकीट कशाला काढलं, तळेगावच्या अलीकडे काय कमी होत्या. त्या सोबत यायच्या, पण गाडीतच विणत बसायच्या. आम्ही मात्र आत जायचो, कारण इथे नवीन आलेल्या माणसाला रविवार खायला उठतो. दुकानं बंद, रस्ते ओस. त्यात काकांचा शनिवारी फोन यायचा, "उद्या फ्यूरुंग आहे. डबे घ्या." फ्यूरुंग म्हणजे गाइडबरोबरची फेरी. काकांना नुसते अवशेष चालायचे नाहीत, फ्यूरुंग लागायची, आणि ती निवडण्यात ते मुलीला स्थळ बघणाऱ्या बापापेक्षा चिकित्सक होते.

त्यांची रीत ठरलेली होती. आम्हाला न्यायच्या आधी ते एकटे जाऊन तीच फेरी करून यायचे. याला ते सॅम्पल म्हणायचे. सॅम्पल पास झालं तरच लॉट न्यायचा. लॉट म्हणजे आम्ही. गाइडचे बूट बघायचे. चकचकीत असले तर काकांच्या कपाळाला आठी. जागेवर लावलेल्या पाट्या आधी वाचायच्या नाहीत, पेपर फुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाइड सुरुवात कुठून करतो ते ऐकायचं.

"आल्झो, पहिल्या दोनचार वाक्यांत सम्राट आला तर समजायचं, याने पाठ केलंय," ते मला एकदा कँटीनमध्ये म्हणाले. आल्झो म्हणजे आपलं 'तर', मुद्द्याला हात घालण्याआधीचं. "पहिल्या दोनचार वाक्यांत मोरी आली, तर याने पाहिलंय."

मोरी हा त्यांचा खास प्रश्न. कुठल्याही गाइडला ते शुद्ध जर्मनमध्ये अतिशय अदबीने विचारायचे की इथे राहणाऱ्यांचं सांडपाणी कुठून जात होतं. कोणी या प्रश्नाने खुलायचा, कोणी गोंधळायचा. एकदा आमच्या हट्टापायी काकांनी एक वेशभूषेतली फ्यूरुंग कबूल केली. गाइड शिपायाच्या वेषात, डोक्यावर लाल तुऱ्याचं शिरस्त्राण, हातात भाला. पोरांना त्याने लाकडी तलवारी वाटल्या आणि पोरं त्याच्यावर जीव ओवाळून टाकायला लागली. काकांनी प्रश्न विचारला. तो म्हणाला की सांडपाणी आजच्या कार्यक्रमात नाही, आज आपण रानटी टोळ्यांवर हल्ला करणार आहोत. "चला, कॉफी घेऊ," काका म्हणाले. माझी ईरा तेव्हा बालवाडीत होती. तिने तलवार सोडायला नकार देऊन जे भोकाड पसरलं, त्यापुढे रानटी टोळ्या पळून गेल्या असत्या. काकांनी मुलांना तिथेच राहू दिलं, स्वतः कुंपणाबाहेर पाठ करून उभे राहिले, आणि नंतर सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. पण त्या गाइडला टिप दिली नाही ती नाहीच.

आयुष्यात एकदाच काकांनी सॅम्पल न बघता लॉट नेला. नेकारकाठच्या एका लहान गावात रोमन स्नानगृहाचे अवशेष आहेत, तिथल्या फेऱ्यांची यादी ते वेबसाइटवर चाळत होते. तीत एक होती 'लाइख्टे श्प्राखे'मधली, म्हणजे सोप्या भाषेतली. काका हरखले. आमच्यातल्या निम्म्या लोकांची जर्मनची गाडी बी-वन, म्हणजे मधल्या पायरीच्या परीक्षेवर अडली होती. लांबलचक वाक्यात क्रियापद शेवटी येईपर्यंत आम्ही सुरुवात विसरायचो. या देशाला अखेर परक्या माणसाची दया आली, असं म्हणून त्यांनी तीन कुटुंबांची नावं नोंदवून टाकली. ही फेरी क्वचितच असायची, त्यामुळे सॅम्पल बघायची सोय नव्हती.

आम्ही पोचलो तर तिथे एक व्हॅन उभी होती आणि तिच्यातून काही मोठी माणसं उतरत होती. कोणी एकमेकांचा हात धरला होता, एकाने डोक्यावर हेडफोन घट्ट दाबून धरले होते. ज्यांना शिकायला-समजायला वेळ लागतो, अशा माणसांच्या निवासातली ती मंडळी होती. फेरी त्यांच्यासाठी होती. आमच्या मात्र अजून काही लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या सोबतच्या बाईंनी आमच्याकडे पाहून प्रेमाने विचारलं, तुम्ही कोणत्या संस्थेतून आलात? काकांनी छाती पुढे काढून कंपनीचं नाव सांगितलं आणि वर जोडलं, "क्वालिटी डिपार्टमेंट." बाईंनी सहानुभूतीने मान हलवली.

मग काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचा चेहरा असा पडलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. आमच्यातले काही जण हळूहळू गाडीकडे सरकायला लागले. काका मात्र तडक गाइडकडे गेले. या गाइडबाईंचं नाव फ्राऊ बाउर, पायात चिखलाने माखलेले बूट. काकांनी माफी मागितली, आमच्यामुळे कोणाची जागा अडत असेल तर आम्ही जातो म्हणाले. फ्राऊ बाउर म्हणाल्या की जागा पुष्कळ आहे, पण परवानगी माझी नाही, यांची घ्या. काकांनी त्या मंडळींना विचारलं. हेडफोनवाल्या ऊवेने काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, तू रोमन आहेस का? काका म्हणाले, नाही, पण मीही बराच लांबून आलोय. ऊवेला ते पुरलं.

आणि मग फ्राऊ बाउर बोलायला लागल्या. इथे स्नानगृह होतं. रोमन माणसांना थंडी वाजायची. त्यांनी खाली आग पेटवली. जमीन गरम झाली. वाक्य संपलं की त्या थांबायच्या. आमच्यातल्या बी-वनवाल्यांना पहिल्यांदाच या देशात कोणाचं सगळं बोलणं कळत होतं, आणि त्यांचे चेहरे परीक्षेत सगळा पेपर सोपा आल्यासारखे झाले होते. विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली जमीन दाखवून काका आम्हाला कुजबुजले, "आपण पाण्याचा बंब केला, ह्यांनी अख्खी जमीन बंबावर चढवली." पुढे फ्राऊ बाउर एका दगडी पन्हळीशी थांबल्या आणि म्हणाल्या, घाण पाणी इथून जायचं. कोणी न विचारता. काकांनी स्टूल उघडलं. पण बसले नाहीत. ऊवेचे पाय दुखत होते, त्याला बसवलं आणि स्वतः शेवटपर्यंत उभे राहिले. निघताना त्यांनी फ्राऊ बाउरना एकच शब्द म्हटला, तो कोणता हे सांगायला नको.

यानंतर काही वर्षांनी माझे सासरे आमच्याकडे आले. सासूबाई गेल्यानंतर वाईच्या घरात एकटे राहत होते, म्हणून निखिलने, माझ्या नवऱ्याने, त्यांना चांगलं तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. बोलायची हौस मोठी, आणि आले होते ते ईरासाठी. ईरा तेव्हा तिसरीत. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून जर्मनच यायचं. मी मराठीत ओरडायचे, ती जर्मनमध्ये उलट उत्तर द्यायची, आमचं भांडणही सुरळीत चालायचं, त्यामुळे मला यात काही बिघडलंय असं वाटलंच नव्हतं. बाबा, म्हणजे माझे सासरे, आले आणि ते उघडं पडलं. ते विचारायचे, आज शाळेत काय शिकवलं. ती भराभरा काहीतरी सांगायची. बाबा हसून "वा वा" म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी घरी नसले की तेवढाही आधार नसायचा. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं, तीही जवळ जाईनाशी झाली. घरात दोन माणसं एकमेकांना जीव लावून गप्प बसलेली बघणं फार वाईट असतं. एके संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "अगं, तिकीट अलीकडचं मिळतं का बघ ना. तुमचंही रूटीन मोडतंय." मी बघते म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. ते आत्ता असे गेले असते तर पुन्हा आले नसते, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी हे काकांना सांगितलं. सांगता सांगता हेही बोलले की जायच्या आधी बाबांना निदान रोमन अवशेष तरी दाखवावेत, जन्मभर वर्गात रोम शिकवलंय. निखिलने रविवारची इंग्लिश फेरी बुकही केली होती. बाबांचं इंग्रजी वाचन चांगलं, त्यांना सगळं समजलं असतं.

"ती कॅन्सल कर," काका म्हणाले. "फ्राऊ बाउरची घेऊ. सोपी भाषा."

"अहो काका, बाबांना जर्मनचा एक शब्द येत नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले. "मी येतो ना. मी करीन भाषांतर."

मला ते पटलं नाही. सासऱ्यांची इथली कदाचित शेवटची सहल, आणि ती यांच्या विक्षिप्तपणावर सोडायची? निखिल तर चिडलाच. पण काकांनी एवढ्यात फ्राऊ बाउरना फोन करून, निवासातल्या मंडळींना पुन्हा रीतसर विचारून, शनिवार पक्का केला होता. स्टूलवाला माणूस येणार असेल तर चालेल, असा ऊवेचा निरोपही आला होता. मी नाइलाजाने हो म्हटलं आणि मनातून धसका घेतला.

शनिवारी काका गळ्याला मफलर गुंडाळून आले. हाताने गळ्याकडे खूण केली, तोंड उघडून काहीतरी खरखर केली. घसा बसला होता. मला इतका राग आला की मी त्यांच्याशी धड बोललेही नाही. मी भाषांतर करायला पुढे झाले, तर काकांनी मला बाजूला ओढून खुणेने सांगितलं की काकूंना गाडीतून पाण्याची बाटली आणायला मदत कर. एका बाटलीला दोन माणसं कशाला, हे मला त्या वेळी सुचलं नाही. निखिल गाडी लावायला गेला होता. मी बाटली घेऊन परत आले तर कठड्याजवळ बाबा आणि ईरा शेजारी शेजारी उभे होते, आणि काका त्यांच्यामागे, स्टूल काखेत घट्ट धरून.

फ्राऊ बाउर म्हणाल्या, इथे स्नानगृह होतं. आणि थांबल्या. बाबांनी ईराकडे पाहिलं. ईराने काकांकडे पाहिलं. काकांनी गळ्याला हात लावून खांदे उडवले.

"इथे आंघोळ होती," ईरा म्हणाली.

बाबा तिच्याकडे वाकले. त्यांनी दुरुस्ती केली नाही. इतकी वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल. "असं का," ते म्हणाले. "मग?"

"रोमन लोकांना थंडी येते. मग ते खाली आग... आग लावला."

"बरं. मग?"

एक वाक्य आलं की ती उचलायची, मराठीत आणून ठेवायची आणि पुढच्यासाठी वळायची. वाक्यं होतीच एवढीशी, नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात मावतील अशी. मी बाटली घेऊन तिथेच उभी राहिले. पुढे जायची हिंमत झाली नाही. मला भीती वाटली की मला पाहिलं की ती पुन्हा जर्मनकडे पळेल. दगडी पन्हळीशी आल्यावर ती अडली. तिला शब्द सापडेना.

"आजोबा, ते... घरात, पाणी जातं ते. खाली. भोक."

"मोरी," बाबा म्हणाले.

"मोरी," ती म्हणाली. हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता, आमच्या फ्लॅटमध्ये मोरी आहे कुठे. तिला तो भयंकर आवडला. "ही मोरी. घाण पाणी मोरीतून जायचा."

मग बाबांनी प्रश्न विचारला, या मोरीत खणताना काय सापडलं. ईराने तो जर्मनमध्ये नेला. फ्राऊ बाउर खुलल्या. केसांचे आकडे सापडले. मणी सापडले. एक लहान दात सापडला, मुलाचा. ईराने ते मराठीत आणलं आणि बाबा तिला सांगायला लागले की वाईला आपण पडलेला दात कौलांवर टाकतो, तुझ्या बाबाचे सगळे दात मी स्वतः टाकलेत. ईराने हे ऊवेला जर्मनमध्ये सांगितलं. ऊवे इतका हसला की त्याचे हेडफोन गळ्यात आले. काका कधीचे स्टूल उघडून त्यावर बसले होते, माझं लक्षच नव्हतं.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर ते दोघं बोलत होते. ईराची वाक्यं मराठीत सुरू होऊन जर्मनमध्ये संपायची, मधेच बाबा "म्हणजे काय गं?" विचारायचे आणि ती वैतागून सांगायची. तिचा तो वैताग ऐकताना मला किती हलकं वाटलं ते कसं सांगू.  तिकिटाचं बाबांनी पुन्हा नाव काढलं नाही. ते तीन महिने पूर्ण राहिले आणि पुढच्या उन्हाळ्यात स्वतःहून परत आले.

आणि काकांचा घसा? आम्ही पार्किंगमधून निघत होतो तेव्हा कोणीतरी गाडी मागे घेताना त्यांच्या बंपरला टेकवायला आला. काका अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले. मी वळून बघितलं. त्यांनी मफलर सारखा केला.

"सुटला वाटतं," ते म्हणाले.

काकूंनी विणकामातून मान वर केली नाही. "सकाळपासून मला सांगतायत, आज बोलायचं नाही, आज बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "घरात इतकी शांतता पहिल्यांदाच मिळाली."

मी नंतर त्यांना विचारलं, मुलगी गप्पच राहिली असती तर काय केलं असतं. काका म्हणाले की मग त्यांनी घसा सुटलाय म्हणून सांगितलं असतं. पण सॅम्पल त्यांनी आधीच बघितलं होतं म्हणे. आमच्या घरी जेवायला आले असताना ईरा एकटी खेळताना बाहुलीला मराठीत रागावत होती. ते ऐकून मी चकित झाले. हे मी, तिची आई, घरात असून ऐकलं नव्हतं.

गेल्या वर्षी काका रिटायर झाले आणि दोघांनी चिंचवडला परत जायचं ठरवलं. फ्लॅट रिकामा करताना काकांनी घरमालकालाच सगळे नळ सोडून दाखवले. निरोपाची जेवणं झाली, भाषणं झाली, कंपनीने घड्याळ दिलं, ते काकांनी कानाला लावून तपासलं. जायच्या आधीच्या रविवारी ईराने जाहीर केलं की काकांना फ्यूरुंग ती देणार. ती आता पाचवीत आहे, उंच झाली आहे आणि कोणाचं ऐकत नाही. दर रविवारी ती आजोबांशी फोनवर बोलते; तिच्या मराठीत अर्धं जर्मन असतं आणि बाबांच्या बोलण्यात आता मधूनच 'आल्झो' येतो.

त्या दिवशी स्नानगृहावर दुसरं कोणी नव्हतं. काकूसुद्धा गाडीतून उतरून आल्या. ईरा कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. काका तिच्यासमोर, स्टूल काखेत, चेहऱ्यावर गाइड तपासतानाची ती कोरडी अदब. ओळखपाळख काही नाही. त्यांनी आधी तिचे बूट बघितले, चिखल होता. मला उगाचच धाकधूक व्हायला लागली, जणू परीक्षा माझीच होती.  स्नानगृह, सम्राट, थंडी, आग, सगळं सोडून ईरा थेट त्या दगडी पन्हळीपाशी चालत गेली आणि तिने खाली बोट दाखवलं.

"आल्झो काका," ती म्हणाली, "ही मोरी."

काकांनी स्टूल उघडलं आणि बसले.